एका परागंदा समाजाचे दोन वारसे

निर्वासिताला इंग्रजीत ‘रेफ्यूजी’ म्हणतात हे आज बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तो एका विशिष्ट समाजामुळे, आणि त्या समाजाचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कानावर येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधून आपली श्रद्धा वाचविण्यासाठी बाहेर पडलेले प्रॉटेस्टंट ख्रिस्ती स्वतःला ‘रेफ्युझिए’, म्हणजे आश्रय घेतलेले, असे म्हणवीत. ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा इंग्रजांनी तो शब्द त्यांच्याकडूनच घेतला. इतिहासात या लोकांना ह्यूगेनॉट म्हणतात.

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत फ्रान्समधल्या एका ख्रिस्ती पंथाची हकिकत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी जुना धर्म सोडला आणि धम्म स्वीकारला तो स्वेच्छेने. ह्यूगेनॉटांवर राजाने आपला धर्म लादला आणि तो नाकारण्यासाठी त्यांनी देश सोडला. दोन्ही प्रसंग एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तरीही आपल्या विवेकाप्रमाणे जगण्याची किंमत दोन्ही समाजांनी मोजली. आपल्या समाजाला ती सवलतींच्या रूपाने मोजावी लागली. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय सवलती धर्मांतरित बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडले. ह्यूगेनॉटांनी ती घरदार, मुलेबाळे आणि मातृभाषा यांच्या रूपाने मोजली. पुढे पिढ्या उलटल्या आणि या समाजासमोर एक प्रश्न उभा राहिला : ज्यांच्या पूर्वजांनी अन्याय सोसला, त्यांची नातवंडे-पतवंडे न्यायाच्याच बाजूने उभी राहतील, असे धरून चालता येते का? ह्यूगेनॉटांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात आणि ती परस्परविरोधी आहेत. हा लेख मुख्यतः त्या दोन उत्तरांसाठी आहे. परंतु त्याआधी मूळ घटना समजून घेणे अगत्याचे आहे.

सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची चळवळ पसरली. फ्रान्समध्ये कॅल्व्हिनची शिकवण मानणारा मोठा वर्ग तयार झाला. कॅथलिक बहुसंख्येशी त्याचे रक्तरंजित संघर्ष झाले. १५७२ च्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसमध्ये सुरू होऊन इतर शहरांत पसरलेले ह्यूगेनॉटांचे हत्याकांड आजही फ्रान्सच्या इतिहासातील काळे पान मानले जाते. अखेर १५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजाने नांत येथे फर्मान काढून प्रॉटेस्टंटांना ठरावीक ठिकाणी उपासना करण्याचा, शाळा चालविण्याचा आणि सरकारी पदे भूषविण्याचा हक्क दिला. हा राजा स्वतः पूर्वी प्रॉटेस्टंट होता. गादीसाठी त्याने धर्म बदलला होता. दोन पंथांना एका राज्यात नांदू देणारे हे फर्मान त्या काळी अपूर्वच म्हणावे लागेल.

त्याचा नातू चौदावा लुई याला हे मान्य नव्हते. एक राजा, एक कायदा आणि एक धर्म हे त्याच्या राज्यकारभाराचे सूत्र होते. प्रारंभी प्रॉटेस्टंटांचे हक्क एकेक करून कापले गेले. व्यवसाय बंद झाले, प्रार्थनामंदिरे पाडली गेली. १६८१ मध्ये पोआतू प्रांतात एक नवी युक्ती योजण्यात आली. ‘ड्रॅगून’ म्हटल्या जाणाऱ्या घोडेस्वार सैनिकांना ह्यूगेनॉटांच्या घरांत मुक्कामाला पाठवायचे, त्यांचा सारा खर्च घरमालकाने सोसायचा, आणि घरचे लोक धर्म बदलेपर्यंत सैनिकांनी वाटेल तसे वागायचे. झोपू न देणे, सामान मोडणे, मारहाण करणे हे सर्व त्यात आले. पुढे ही पद्धत दक्षिणेकडे नेण्यात आली तेव्हा सैनिक येत आहेत या नुसत्या वार्तेने गावेच्या गावे कॅथलिक झाल्याचे लिहून देऊ लागली. ऑक्टोबर १६८५ मध्ये लुईने फोंतेनब्लो येथे नवे फर्मान काढून आजोबांचे फर्मान रद्द केले. प्रॉटेस्टंटांपैकी बहुतेकांनी आता खरा धर्म स्वीकारला आहे, तेव्हा जुन्या फर्मानाची गरजच उरली नाही, असे कारण त्याच्या प्रस्तावनेत दिलेले आहे. जुलमी सत्ता आपल्या कृत्याला किती सभ्य भाषा शोधते, याचा हा नमुना होय.

या फर्मानाने उरलीसुरली प्रार्थनामंदिरे पाडण्याचा आणि प्रॉटेस्टंट शाळा बंद करण्याचा आदेश दिला. धर्मगुरूंनी पंधरा दिवसांत देश सोडावा, मात्र सात वर्षांहून मोठी मुले सोबत नेऊ नयेत, असे फर्मावले गेले. सामान्य लोकांना तर देश सोडण्याचीही मनाई होती. पळताना पकडलेला पुरुष राजाच्या वल्हवायच्या युद्धनौकांवर साखळदंडाने बांधला जाई आणि स्त्री तुरुंगात जाई. जानेवारी १६८६ मध्ये आणखी एक आज्ञा निघाली : पाच ते सोळा वर्षांची मुले आईवडिलांपासून काढून कॅथलिक कुटुंबांत किंवा मठांत ठेवावीत. तिची अंमलबजावणी सर्वत्र झाली नाही, होणे शक्यही नव्हते. पण राज्यकर्त्यांचा रोख कुठे होता ते यावरून कळते. मोठ्या माणसांचे मन वळत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. म्हणून त्यांनी शाळा आणि मुले यांकडे मोर्चा वळविला.

तरी लोक पळाले. कोणी दारूच्या पिंपांत लपून जहाजावर चढले, कोणी भिकाऱ्याचा किंवा यात्रेकरूचा वेष घेतला, कोणी रात्रीच्या वाटाड्यांना पैसे देऊन आल्प्सच्या खिंडी ओलांडल्या. दीड ते दोन लाख माणसे देशाबाहेर गेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. जाणाऱ्यांत विणकर, घड्याळजी, सोनार, कागद बनविणारे, छापखानेवाले, वैद्य, व्यापारी आणि सैन्यातील अधिकारी होते. हॉलंड, इंग्लंड, आयर्लंड, जिनिव्हा, जर्मन राज्ये, अमेरिकेतील वसाहती आणि आफ्रिकेचे दक्षिण टोक एवढ्या दूरवर हा समाज विखुरला.

सर्वांत मोठ्या मनाने स्वागत केले ते ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक विल्यम याने. लुईच्या फर्मानानंतर काही आठवड्यांतच त्याने पोट्सडामहून स्वतःचे फर्मान काढले. येणाऱ्यांना जमीन, बांधकामाचे साहित्य, काही वर्षे करमाफी, स्वतःचे न्यायाधीश, स्वतःचे धर्मगुरू आणि स्वतःच्या शाळा देण्याचे वचन त्यात होते. यात करुणा होती तसा हिशेबही होता. तीस वर्षांच्या युद्धाने त्याचा मुलूख ओसाड पडला होता आणि त्याला हातांची गरज होती. सुमारे वीस हजार ह्यूगेनॉट तिथे गेले. १७०० च्या सुमारास बर्लिन शहरात दर पाच माणसांमागे एक फ्रेंच होता. स्थानिक कारागिरांच्या संघांना हे परके लोक अर्थातच खुपले. आपल्या पोटावर पाय येतो ही तक्रार तेव्हाही होतीच.

या बर्लिनकर फ्रेंचांनी उभारलेल्या संस्थांपैकी एकीकडे आपल्यासारख्यांचे लक्ष विशेष जावे. १६८९ मध्ये, म्हणजे येऊन चार वर्षेही झाली नव्हती तेव्हा, त्यांच्या मुलांसाठी एक फ्रेंच विद्यालय सुरू झाले. त्यानंतर घरांतून फ्रेंच भाषा हळूहळू मागे पडली आणि लेकीसुना जर्मन बोलू लागल्या. १८०९ मध्ये फ्रेंच वसाहतीचा स्वतंत्र कायदेशीर दर्जाही संपला. जर्मन कादंबरीकार थिओडोर फोंटाने हा याच समाजाचा वंशज, पण त्याचे सारे लेखन जर्मनमध्ये आहे. विद्यालय मात्र टिकले. ते आजही बर्लिनमध्ये चालू आहे. तिथे जर्मन आणि फ्रेंच मुले एकत्र बसून फ्रेंच माध्यमातून शिकतात. समाज वितळून गेल्यावरही त्याची शाळा तीनशेहून अधिक वर्षे चालावी, हे उदाहरण जगात दुर्मीळच.

लंडनची कथा वेगळी. इंग्लंडमध्ये सुमारे पन्नास हजार ह्यूगेनॉट आले आणि त्यांतील रेशीम विणणारे पूर्व लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात वसले. उजेड भरपूर मिळावा म्हणून माळ्यावर रुंद खिडक्या ठेवलेली त्यांची घरे अजून तिथे पाहायला मिळतात. त्याच भागातील ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर त्यांनी १७४३ मध्ये एक प्रार्थनामंदिर बांधले. ह्यूगेनॉटांची नातवंडे इंग्रजांत मिसळून गेली तसे ते मंदिर ओस पडले. १८१९ मध्ये तिथे मेथडिस्ट पंथाचे चॅपल झाले. पुढे रशियन साम्राज्यातील छळाने पळालेले ज्यू या वस्तीत आले आणि १८९८ मध्ये त्याच वास्तूत सिनेगॉग सुरू झाले. ज्यूही स्थिरावून अन्यत्र गेले आणि बांगलादेशातून आलेली कुटुंबे राहू लागली; १९७६ पासून तिथे मशीद आहे. भिंती त्याच, विटा त्याच. एका इमारतीने चार समाजांना आळीपाळीने आश्रय दिला, आणि प्रत्येक नव्या समाजाकडे आधीच्यांपैकी काहींनी संशयानेच पाहिले.

वर उल्लेखिलेल्या दोन उत्तरांची बीजे पहिल्याच पिढीत दिसतात, आणि ती हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात. तिथे पियेर बेल नावाचा विचारवंत आणि पियेर ज्युरिय नावाचा धर्मगुरू असे दोन ह्यूगेनॉट एकाच विद्यालयात अध्यापन करीत होते. दोघेही परागंदा झालेले. बेलचा थोरला भाऊ तर १६८५ च्या अखेरीस बोर्दोच्या तुरुंगात मेला होता. ज्युरियचे म्हणणे असे की, लुईने केलेली सक्ती वाईट, कारण ती असत्य धर्मासाठी होती. सत्य धर्माच्या राजाने असत्याला आवर घातला तर त्यात गैर नाही. बेलने याच्या मुळावर घाव घातला. सक्तीचा अधिकार सत्याला आहे असे एकदा मान्य केले की प्रत्येकजण स्वतःच्या मताला सत्यच समजणार. मग लुई आणि आपण यांत फरक उरत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. चुकीच्या समजुतीने का होईना, पण प्रामाणिकपणे आपल्या विवेकाला अनुसरणाऱ्या माणसाला कोणीही छळू नये, आणि निरीश्वरवादीही नीतीने वागू शकतो, असे तो म्हणे. १६९३ मध्ये बेलची नोकरी गेली. ती घालविण्यात कॅथलिकांचा हात नव्हता. त्याच्या पाठीमागे लागला होता तो त्याच्यासारखाच निर्वासित असलेला ज्युरिय. छळातून सुटून आलेल्या समाजातच हा वाद पेटला, ही गोष्ट ह्यूगेनॉटांच्या गौरवगाथांत सहसा येत नाही. प्रस्तुत लेखकाला ती फार महत्त्वाची वाटते.

आता जे देशातच राहिले त्यांच्याकडे वळू. बहुसंख्य ह्यूगेनॉट फ्रान्स सोडू शकले नाहीत. कागदोपत्री ते कॅथलिक झाले होते. दक्षिणेकडील सेव्हेन डोंगर आणि त्याच्या उत्तरेची उंच पठारे येथे त्यांनी शंभर वर्षे लपून उपासना केली. बायबलमधील इस्रायलींच्या भटकंतीवरून या काळाला ते ‘वाळवंट’ म्हणतात. सभा रात्री रानात किंवा गुहांत भरत. वेळ पडल्यास घडी घालून पिंपासारखी दिसतील अशी व्यासपीठे त्यांनी तयार केली. स्त्रिया अंबाड्यात मावेल एवढे छोटे धर्मग्रंथ बाळगीत. पकडलेल्या धर्मगुरूला फाशी होई. १७०२ ते १७०४ या काळात सेव्हेनच्या शेतकऱ्यांनी शस्त्रेही उचलली आणि त्यांची गावे जाळली गेली. त्यानंतर १७१५ पासून आंत्वान कूर या तरुणाने विखुरलेल्या मंडळींना शांततेने पुन्हा संघटित केले.

या काळातील एक नाव फ्रान्सच्या प्रॉटेस्टंट घरांत आजही आदराने घेतले जाते. मारी द्युरां ही १७३० मध्ये ऐन तारुण्यात पकडली गेली; तिचा भाऊ गुप्तपणे धर्मोपदेश करीत असे, हाच तिच्यावरचा खरा ठपका. भूमध्य समुद्राजवळील एग-मोर्त गावच्या बुरुजात तिला इतर स्त्रियांबरोबर डांबण्यात आले. भावाला १७३२ मध्ये फाशी झाली. आपण धर्म बदलतो एवढे एक वाक्य उच्चारले असते तर ती त्याच दिवशी सुटली असती. तिने ते उच्चारले नाही. ती तिथे अडतीस वर्षे राहिली. सोबतच्या स्त्रियांसाठी पत्रे लिहिणे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणे यांत तिचा काळ गेला. १७६८ मध्ये ती बाहेर आली. त्या बुरुजाच्या दगडी कठड्यावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक फ्रेंच शब्द कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असे परंपरा मानते.

१७८७ मध्ये सोळाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे जन्म-विवाह-मृत्यू कायद्याने नोंदविण्यास मान्यता दिली. दोन वर्षांनी राज्यक्रांती झाली आणि त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळाले. १७९० च्या डिसेंबरात तर असा कायदा झाला की, धर्मासाठी परागंदा झालेल्यांच्या वंशजांनी परत यावे आणि आपले फ्रेंच नागरिकत्व घ्यावे. हा कायदा दीडशे वर्षे पुस्तकात होता. फारच थोडे परतले, कारण तोवर ते इंग्रज, जर्मन, डच झाले होते.

आणि काहीजण आफ्रिकनही झाले होते. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८८ पासून सुमारे दोनशे ह्यूगेनॉटांना केप ऑफ गुड होपला नेले. कंपनीला शेतकरी आणि विशेषतः द्राक्षमळ्यांचे जाणकार हवे होते. केप टाऊनच्या पूर्वेकडील दऱ्यांत त्यांना जमिनी मिळाल्या. त्यांतील एका दरीचे नाव फ्रान्सहुक, म्हणजे फ्रेंचांचा कोपरा. ही जमीन मोकळी नव्हती. खोईखोई लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत आले होते. मळ्यांत राबायला गुलाम होते, आणि त्या गुलामांत मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटे यांच्याबरोबर बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून विकून नेलेली आपल्या देशातील माणसेही होती. ह्यूगेनॉट आले तेव्हा स्वतः बेघर होते. काही वर्षांतच ते गुलामांचे मालक झाले. त्यांच्या धर्मग्रंथाने त्यांना लुईपुढे न झुकण्याचे बळ दिले होते, पण मळ्यात राबणाऱ्या माणसाच्या पायातल्या बेडीविषयी त्यांच्यापैकी फारसे कोणी बोलले नाही.

कंपनीने फ्रेंचांना मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या मध्ये मध्ये वसविले. १६८९ मध्ये स्वतःची स्वतंत्र मंडळी मागायला गेलेल्यांना गव्हर्नरने खडसावले. ती पुढे कंपनीच्या संचालकांनी दिली, पण शाळा डच भाषेचीच राहिली. दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच भाषा नाहीशी झाली. मागे राहिली ती आडनावे : द्यू त्वा, द्यू प्लेसी, दि व्हिलियर्स, जूबेर, मारे, मालां. उच्चार बदलले तरी आडनावांचा अभिमान वाढत गेला. स्वातंत्र्यासाठी सर्वस्व सोडणाऱ्या शूर पूर्वजांची कथा आफ्रिकानेर राष्ट्रवादाच्या गाथेत मानाने गुंफली गेली.

आगमनाच्या अडीचशेव्या वर्षी, १९३८ मध्ये, फ्रान्सहुक येथे भव्य स्मारकाची योजना झाली. पृथ्वीच्या गोलावर उभी असलेली एक स्त्री, तिच्या एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात तुटलेली साखळी, असे तिथले शिल्प आहे. त्याचे उद्घाटन एप्रिल १९४८ मध्ये झाले. पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेत निवडणूक होऊन नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि डॅनियल फ्रांस्वा मलान पंतप्रधान झाला. हा पूर्वाश्रमीचा धर्मगुरू. प्रोव्हान्स प्रांतातून पळून केपला आलेल्या झाक मालां या ह्यूगेनॉटाचा तो वंशज. ‘अपार्टहाइड’ नावाने जगाला परिचित झालेली वर्णभेदाची व्यवस्था त्याच्या सरकारने कायद्यात बांधली. १९४९ मध्ये मिश्र विवाहांवर बंदी आली. १९५० मध्ये प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद आणि वंशानुसार वस्त्या ठरविणारे कायदे झाले. या वस्त्यांच्या कायद्याखाली पुढे केप टाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या एकाच भागातून सुमारे साठ हजार माणसे उठविली गेली. आपल्या देशातील गावकुसाची ज्यांना माहिती आहे, त्यांना या कायद्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

१९५३ चा बांटू शिक्षण कायदा तर या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. आफ्रिकन मुलांचे शिक्षण वेगळ्या खात्याखाली आणून ते कष्टाच्या कामापुरतेच ठेवावे हा त्याचा हेतू होता. मिशनऱ्यांनी चालविलेल्या चांगल्या निवासी शाळांचे अनुदान तोडून त्या बंद पाडण्यात किंवा ताब्यात घेण्यात आल्या. नाताळमधील ॲडम्स कॉलेज हे त्यांपैकी एक. पुढे नोबेल शांतता पुरस्कार मिळविणारे अल्बर्ट लुथुली तिथे शिक्षक होते. १९५६ च्या अखेरीस ते बंद झाले. १६८५ मध्ये ह्यूगेनॉटांच्या शाळांना टाळे लावण्यात आले होते.

या काळ्या चित्रात एक रेघ वेगळी आहे, ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बेयर्स नोडे हाही ह्यूगेनॉट आडनावाचा धर्मगुरू, आफ्रिकानेरांच्या गुप्त संघटनेत वाढलेला. १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र आफ्रिकनांवर गोळ्या झाडल्यानंतर त्याचे मन पालटले. १९६३ मध्ये त्याने आपले धर्मपद सोडले आणि वर्णभेदाविरुद्ध काम हाती घेतले. स्वकीयांनी त्याला वाळीत टाकले. १९७७ पासून सात वर्षे सरकारने त्याच्यावर बंदीहुकूम लादला. रक्त तेच, आडनावांचे कूळ तेच, तरी मलान वेगळा आणि नोडे वेगळा.

दुसरे उत्तर फ्रान्समध्येच, ‘वाळवंटा’च्या काळातून गेलेल्या एका पठारावर मिळाले. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरचे ल शांबों हे थंड, गरीब शेतकऱ्यांचे गाव बहुतांशी प्रॉटेस्टंट आहे. १९३८ मध्ये तिथे आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस या दोन धर्मगुरूंनी मोजक्या विद्यार्थ्यांनिशी एक निवासी विद्यालय सुरू केले. जून १९४० मध्ये फ्रान्सने हिटलरपुढे शरणागती पत्करून युद्धविराम केला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्या दोघांनी व्यासपीठावरून गावाला सांगितले की, विवेकाविरुद्ध जाणारी आज्ञा आली तर शस्त्र न उचलता तिला विरोध करायचा. हळूहळू ज्यू कुटुंबे आणि आईवडिलांपासून तुटलेली मुले पठारावर येऊ लागली. शेतकऱ्यांनी त्यांना घरात घेतले. नोकरीतून काढलेले ज्यू प्राध्यापक विद्यालयात शिकवू लागले. खोटी ओळखपत्रे बनविली गेली. काहींना वाटाड्यांबरोबर स्वित्झर्लंडच्या सीमेपार नेण्यात आले. अडीचशे वर्षांपूर्वी ह्यूगेनॉट त्याच देशाच्या आश्रयाला गेले होते.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी हजारो ज्यूंना पकडले. त्यानंतर महिन्याभरात सरकारचा युवकमंत्री ल शांबोंला आला, तेव्हा विद्यालयातील मुलांनी त्याच्या हाती एक पत्र दिले. पॅरिसमध्ये जे घडले ते आम्हाला कळले आहे, आमच्यात ज्यू आहेत, आम्ही ज्यू आणि ज्यूतर असा भेद करीत नाही, आणि त्यांना नेण्याचा हुकूम आला तर आम्ही त्यांना लपवू, असा त्याचा आशय होता. दोनेक आठवड्यांत पोलिस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी त्रोक्मेकडे ज्यूंची यादी मागितली. त्याने ती दिली नाही. शोध घेऊनही त्यांच्या हाती जवळजवळ कोणी लागले नाही. सारे रानात आणि दूरच्या वाड्यांवर पांगले होते. पुढे दोन्ही धर्मगुरू आणि गावच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक यांना महिनाभर छावणीत ठेवले गेले. या पठारावर आसरा मिळालेल्यांची संख्या पाच हजार असल्याचे पुष्कळदा सांगतात. अलीकडचे अभ्यासक तो आकडा बराच कमी धरतात. कमी धरला तरी काम लहान ठरत नाही.

हे लोक असे का वागले, असे पुढे त्यांना अनेकांनी विचारले. बहुतेकांनी प्रश्नच नीट समजला नाही अशा चेहऱ्याने उत्तरे दिली. प्रस्तुत लेखकाला यात आठवणीच्या जातीचा फरक दिसतो. केपमध्ये पूर्वजांची आठवण आडनावात आणि पुतळ्यात राहिली. ती कुळाच्या अभिमानाला उपयोगी पडली. पठारावर ती सवयीत राहिली : दार ठोठावणाऱ्याला आत घ्यायचे, पोलिसांशी जपून बोलायचे, यादी द्यायची नाही. शिवाय केपच्या ह्यूगेनॉटांच्या हाती सत्ता आली आणि पठारावरच्यांच्या हाती ती कधी आली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. दोघांची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर झालेली नाही.

आंद्रे त्रोक्मेचा चुलत नात्यातला दानिएल त्रोक्मे हा तरुण शिक्षक १९४२ मध्ये ल शांबोंला आला. आपल्याला पुढे स्वतःची लाज वाटू नये म्हणून हे काम पत्करले, अशा अर्थाचे त्याने आईवडिलांना कळविले होते. तो मुलांच्या एका वसतिगृहाचा, आणि नंतर ‘मेझों दे रोश’ या मोठ्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचाही प्रमुख झाला. २९ जून १९४३ च्या पहाटे गेस्टापोने या दुसऱ्या वसतिगृहावर छापा घातला तेव्हा तो तिथे नव्हता. बातमी कळल्यावर मागच्या रानातून निघून जाणे त्याला शक्य होते. तो आपल्या मुलांकडे गेला. अठरा विद्यार्थ्यांबरोबर त्यालाही नेले. एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधील मायदानेक छळछावणीत तो मरण पावला. त्याने वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

१९९० मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने ल शांबों आणि आसपासच्या गावांचा एकत्रित गौरव केला. त्याच साली दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला सुटले. त्यांना सोडणारे राष्ट्राध्यक्ष डि क्लर्क यांचे आडनावही मूळचे ह्यूगेनॉट. धर्मगुरूंचे ते निवासी विद्यालय २०१४ मध्ये बंद पडले. त्याच्या आदल्या वर्षी गावात प्रार्थनामंदिरासमोर एक स्मृतिसंग्रहालय उघडले आहे, आणि सेव्हेनच्या डोंगरात, जिथे पूर्वी रात्रीच्या सभा भरत त्या प्रदेशात, दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी हजारो माणसे आजही उघड्या आभाळाखाली जमतात.